अरुंधती बोलते आहे

कासारवाडी,
१४ जून

ती. कुसुमताई यांना,

हरिहरचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग आता फक्त कागदावर जमतो. प्रत्यक्षात घातला तर उठवायला शेजारच्या सोपानरावांना हाक मारावी लागेल.) ती. भाऊसाहेबांचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा ते गुडघ्याला लावतात, की मागच्यासारखा खुंटीला? तुमचा रक्तदाब काय म्हणतो? मिरजेला पाऊस झाला का? इकडील सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ते कितपत ठीक, ते पुढे येईलच.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पाकीट मागितलं तेव्हा पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनाही वाटलं. पण मार्चपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचता. उत्तर येत नाही, म्हणजे राग आहे. एवढं मला कळतं. पत्राला निळी खूण नसते. तुम्ही वाचलंत की चुलीत घातलंत ते मला इथं समजणार नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहिता येईल असं वाटलं. (चूल नाही तुमच्याकडे, गॅस आहे, हे माहीत आहे. बोलायची पद्धत.)

माझा स्वभाव तुम्ही जाणताच. एकतीस वर्षं मी चाकणच्या कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला काढली. गाड्यांच्या ब्रेकचे भाग करायचो आम्ही. शॉपच्या (म्हणजे मशीनच्या शेडच्या) दाराशी पांढरा फळा, त्यावर चार रकाने: आजचं टार्गेट, झालं किती, कमी किती, आणि कारण. रोज सकाळी त्या फळ्यासमोर सगळ्यांना उभं करून मी दहा मिनिटं बोलायचो. मशीन बंद पडत नाही, माणसाचं मन बंद पडतं, हे माझं ठरलेलं वाक्य. (मशीन बंद पडायचं. रोज पडायचं. पण वाक्य मला फार आवडायचं, आणि माझ्या निरोपसमारंभात तिघांनी ते माझ्या नावानं म्हणून दाखवल्यावर तर ते खरंच आहे अशी माझी खात्री पटली.) असा माणूस रिटायर होऊन घरी बसला आणि त्याच्या घरात त्याच्या बायकोला पक्षाघात झाला, तर तो काय करील? तेच मी केलं.

पाच जानेवारीला सकाळी मटार सोलताना अरुंधतीला झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली, हे तुम्हाला आमच्या लेकीनं, सईनं, जर्मनीहून फोनवर सांगितलंच होतं. समज शाबूत आहे, सगळं कळतं तिला, फक्त शब्द बाहेर येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण नवव्या दिवशी ती पहिला शब्द बोलली तो कुठला, ते आम्ही तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोपानराव दवाखान्यात भेटायला आले होते. (कासारवाडीतलं जुनं घराणं. आमची इमारत उभी आहे तिथं एके काळी त्यांची ज्वारी असायची. आता हार्डवेअरचं दुकान आहे.) त्यांनी पिशवीतून शहाळं काढलं, मग कोयता काढला, (तो वॉचमनच्या नाकाखालून आत कसा आला देव जाणे), आणि वॉर्डातच शहाळं फोडायला घेतलं. पहिल्याच घावाला पाणी पलंगभर. अरुंधतीनं त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि अगदी खणखणीत म्हणाली, "गाढवा!"

ताई, अडतीस वर्षांत तिनं मला 'अहो'च्या पलीकडे काही म्हटलं नाही. भांडणातसुद्धा 'अहो, तुम्हाला काही वाटतं का' इतपतच. वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सोपानरावांचे मात्र डोळे भरून आले. कोयता खाली ठेवून माझा हात धरून म्हणाले, "सायेब, वैनींनी मला बरूबर वळखलं बगा!"

डॉक्टरांनी नंतर समजावलं, की शिव्या, आकडे, आरत्या असलं तोंडात बसलेलं बोलणं मेंदूत निराळ्या ठिकाणी असतं, ते कधी कधी आधी परत येतं. आमच्याकडे आरत्या आल्या नाहीत. पुढं डॉक्टर गाढव झाले, नर्स झाली, व्यायाम करून घेणारे झाले, मी तर दिवसातून चार वेळा. आम्ही सगळे हसायचो. ती मात्र प्रत्येक वेळी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबायची. ते मला दिसत होतं, पण मी हसण्यात होतो.

घरी आल्यावर स्वप्नाली यायला लागली. स्पीच थेरपिस्ट. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, मारुंजीहून स्कूटरवर आठवड्यातून तीनदा येते. तिची पद्धत मला पहिल्यापासून मिळमिळीत वाटली. चहाच्या कपाचं चित्र दाखवायचं, 'च' म्हणायचं आणि थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचंच. मी घड्याळ लावून पाहिलं, पन्नास सेकंद. आमच्या शॉपमध्ये पन्नास सेकंदांत ब्रेकचे दोन भाग तयार होऊन पेटीत पडायचे. पन्नास सेकंदांनी अरुंधती 'च' म्हणाली तर ही पोरगी असं तोंड फुलवायची, जणू तिनं भाषण ठोकलं. महिनाभरात दोन अक्षरं. मी मनाशी म्हटलं, इथं प्लॅनिंग नाही.

त्याच सुमाराला कंपनीतल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर एका शिबिराची जाहिरात आली. ताथवड्याला एका लग्नाच्या लॉनवर, दोन दिवस, मनाच्या ताकदीवर. सोपानरावांच्या घरच्यांना अरुंधतीजवळ बसवून मी गेलो. व्यासपीठावर कोट घातलेले एक सर होते, कानाला माइक, एका जागी उभे म्हणून राहायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यात जे मिळालं नाही ते तुमच्या मनानं मागितलंच नाही म्हणून मिळालं नाही. प्रत्येकानं आपलं ध्येय वहीत एकशे आठ वेळा लिहायचं, आणि वर्तमानकाळात लिहायचं. 'बोलेल' असं लिहायचं नाही. भविष्यकाळ म्हणजे शंका. 'अरुंधती बोलते आहे' असं लिहायचं. (शाळेत आम्हाला भविष्यकाळ असा शिकवला नव्हता.) मग चारशे माणसांनी उभं राहून, हात वर करून ओरडायचं, "झालंच आहे!" माझ्या शेजारच्या गृहस्थांचं ध्येय डोक्यावर केस यावेत हे होतं. त्यांनीही घसा फोडून "झालंच आहे" म्हटलं. मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि चटकन मान फिरवली, कारण शंका घ्यायची नव्हती.

तुम्ही हसाल. हसा. पण खरं सांगतो, तिसऱ्यांदा ओरडताना मला रडू फुटलं. जानेवारीपासून पहिल्यांदा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी एवढा रडलो, की त्या केस नसलेल्या गृहस्थांनी मला आपला रुमाल दिला. दीड महिना सगळे मला सांगत होते, धीर धरा, वाट पाहा, बघू या. इथं पहिल्यांदा कुणीतरी मला करायला काहीतरी दिलं होतं.

त्यामुळे मी ते केलं. घरी येताना लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या, अरुंधतीची चौकशी केली. मी नियमाप्रमाणे वर्तमानकाळात सांगितलं, अरुंधती बोलते आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या भिशीच्या सात बायका पेढे घेऊन हजर. तिला मधे खुर्चीवर बसवलं, सगळ्या भोवती बसल्या आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. "बोला ना अरुंधतीताई, काहीतरी बोला." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून. तिनं तोंड उघडलं, "गा" म्हणाली, आणि दातांनी ओठ घट्ट धरला. पुढचं तिनं गिळलं. एवढं गिळायला किती जोर लागला असेल, त्याची मला आज कल्पना येते. बायका पाच मिनिटं थांबल्या, मग आणलेले पेढे त्यांनीच खाल्ले आणि हळूहळू निघून गेल्या.

त्यानंतर सोळा मार्चला तुम्ही आलात. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं सांगतो. तुम्ही धाकट्या बहिणीचा हात हातात घेतलात आणि रडलात, आणि ती तुमच्याबरोबर रडायला लागली. मला ते सहन झालं नाही. दोन महिन्यांत मी तिला एकदाही रडू दिलं नव्हतं. डोळे भरले की मी म्हणायचो, चल, हास बघू. आणि तुम्ही येऊन दहा मिनिटांत माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत, असं मला वाटलं. मी म्हणालो, या घरात नकारात्मक गोष्टींना जागा नाही, रडायचं असेल तर गॅलरीत जा. सदुसष्ट वर्षांच्या तुम्ही, मिरजेहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या. तुम्ही पिशवी उचललीत आणि दुपारच्या लोकलनं गेलात. शिऱ्याचा डबा ओट्यावर राहिला. तिला मी तो दिला नाही, तूप फार होतं. तीन दिवस मीच उभ्यानं खाल्ला.

ताई, त्या दिवसाबद्दल मला क्षमा करा. माफी पत्राच्या शेवटी मागायची असते, पण शेवटापर्यंत तुम्ही वाचाल याची खात्री नाही, म्हणून इथं मधेच मागून घेतो.

तुम्ही गेल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो. पण पाडवा आला. जर्मनीत सईलाही मी तेच सांगून बसलो होतो, की आई बोलते आहे. पोरीनं सुट्टी घेतली, साडी नेसली, आणि सकाळी फोनवर समोर आली. "आई, म्हण ना. सई. सई म्हण." अरुंधतीचा 'स' निघाला. बराच वेळ नुसता 'स' चालला, कुकरची शिटी यायच्या आधी चालतो तसा, आणि मग बाहेर आलं, "गाढवा." सई हसली. हसता हसता तिचा चेहरा कसा झाला, ते त्या एवढ्याशा पडद्यावरही दिसलं. "बाबा, तुम्ही म्हणाला होतात..." एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला. अरुंधतीनं भिंतीकडे तोंड केलं. मी गुढीला साखरेची माळ घातली होती. दिवसभर त्या माळेवर मुंग्या चढत होत्या, आणि त्या झटकायला मी उठलो नाही.

यावर मी काय निष्कर्ष काढला असेल? की विश्वास कमी पडला. माझा नाही, तिचा.

दुसऱ्या आठवड्यात सोपानरावांच्या दुकानातून पांढरा फळा आणला आणि तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ठोकला. चार रकाने आखले. एप्रिलअखेर पन्नास शब्द, त्यांत एक 'अहो'. (तो शब्द मी यादीत सातव्या क्रमांकावर घातला होता, पहिला घातला तर बरं दिसलं नसतं म्हणून.) स्वप्नालीनं फळा पाहिला आणि "काका, हे नको" म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही तुमचं करा. रोज सकाळी नऊला मी फळ्यासमोर उभा राहायचो, अरुंधतीला उशीला टेकवून बसवायचो आणि दहा मिनिटं बोलायचो. पहिल्या आठवड्याचं टार्गेट पाच. झाले एक. 'चहा'. कमी चार. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, सराव कमी. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, लक्ष नाही. बावीस एप्रिलला मी लिहिलं, इच्छाशक्ती कमी पडते.

तिला वाचता येत नाही अशी माझी समजूत होती. स्वप्नालीनं सांगितलं होतं, की वाचणं परत येतंय, हळूहळू. पण मी जसं ऐकतो तसंच ते ऐकलं होतं.

फळ्यावर ते लिहून मी दूध आणायला गेलो. वीस मिनिटं लागली असतील. परत आलो तर अरुंधती पलंगावर नाही. काठी जागेवरच. ती भिंत धरून, एक पाय ओढत, एकटी फळ्यापर्यंत गेली होती. सात पावलं होतात, मी नंतर मोजली. (मे महिन्यात काठी घेऊन चार पावलं, असं व्यायामवाल्यांचं टार्गेट होतं.) डाव्या हातात पदराचं टोक धरून ती फळा पुसत होती. सगळा नाही. फक्त एक रकाना. पुसून झाला तेव्हा फळ्यावर टार्गेट होतं, झालं किती ते होतं, कमी किती ते होतं. कारण नव्हतं.

मग ती वळली आणि माझ्याशी बोलायला लागली. म्हणजे बोलायचा प्रयत्न. तोंड उघडायची, मान ताठ व्हायची, कपाळाची शीर फुगायची, चेहरा लाल, आणि काही नाही. मी दुधाची पिशवी धरून उभा. काहीही चाललं असतं मला त्या वेळी. 'गाढवा' म्हणाली असती तर मी तिचे पाय धरले असते. तेही आलं नाही. मग तिचे गुडघे वाकायला लागले, मी पुढं होऊन धरलं, आणि दोघं तिथंच फरशीवर बसलो. दूध सांडलं.

त्या दिवसापासून अकरा दिवस तिनं तोंड उघडलं नाही. चहाला नाही, सईच्या फोनला नाही, स्वप्नालीच्या कार्डांनाही नाही. खायला घातलं तर खायची. बाकी खिडकीतून रेल्वेलाईनकडे बघत बसायची.

अकराव्या दिवशी स्वप्नाली निघताना मी तिच्यामागे जिन्यात गेलो. म्हटलं, हिनं मनानं हार मानली आहे का? ती पायरीवर बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि मलाही बसा म्हणाली.

"काका, त्यांचं मन पहिल्या दिवसापासून तयार आहे. रस्ता तुटलाय. तुटलेल्या रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही रोज विचारताय, तुला यायचंच नाहीये का?"

मी विचारलं, मग विश्वासाचा काही उपयोगच नाही? (खरं म्हणजे मी भांडत होतो. जिन्यातून जाणारे लोक बघत होते.)

"उपयोग नसता तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून मी इथवर आले असते का? पण काकूंना एखाद्या दिवशी नाही जमलं, तर मी घरी जाऊन जेवते. तुम्ही जेवत नाही. आणि ते त्यांना दिसतं."

ती गेल्यावर मी जिन्यातच बसून राहिलो. आता तुम्हाला एक गोष्ट लिहितो, जी सईला सांगितली नाही आणि डॉक्टरांनाही सांगितली नाही. त्या पाच जानेवारीला ती मटार सोलत काहीतरी सांगत होती आणि मी पेपर वाचत होतो. अडतीस वर्षं आमचं हे असंच चालायचं. ती बोलायची, मी 'हं' म्हणायचो. बोलता बोलता तिचे शब्द एकमेकांत अडकले. मराठी राहिलं नाही ते, कुठलीच भाषा राहिली नाही. ते मला ऐकू आलं, ताई, आणि मी 'हं' म्हणालो. दोनदा म्हणालो. मग वाटी पडली तेव्हा वर बघितलं. डॉक्टरांनी झटका किती वाजता आला असं विचारलं, तेव्हा मी वाटी पडल्याची वेळ सांगितली.

म्हणून मला तिला बोलतं करायचं होतं, लवकरात लवकर, वर्तमानकाळात. ती बोलली असती तर ते झालंच नव्हतं असं धरता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी फळा काढला आणि सोपानरावांना परत दिला. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं सायेब. तुमच्या हितं त्यो फळा दिसला की वैनींच्या त्वांडाकडं बगवत न्हवतं." आता त्यावर रंगाच्या डब्यांचे भाव लिहिलेले असतात. मी अरुंधतीसमोर जाऊन बसलो. काय म्हणालो ते लिहीत नाही, फार काही जमलंही नाही. त्या दिवशी ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी फोडणीत मोहरी जाळली, घरभर धूर झाला, आणि आतून आवाज आला, "गाढवा!" ताई, मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभा राहिलो.

आता दुपारी जेवणं झाली की मी तिच्याजवळ बसतो आणि ती काय काय सांगायची ते आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही. कुणाच्या तरी सुनेनं गच्चीत मधमाश्या पाळल्या होत्या. पुढं काय झालं? तुमच्या गल्लीतल्या एका बाईंनी रागानं स्वतःच्याच लग्नाचे फोटो फाडले होते, का? सगळ्या गोष्टींच्या सुरुवाती माझ्याकडे आहेत, शेवट एकाचाही नाही. तिच्यापाशी सगळे शेवट आहेत, आणि ते बाहेर येत नाहीत. म्हणून हल्ली मीच बोलतो. मंडईत काय पाहिलं, लोकल किती उशिरा गेली, सोपानरावांकडे कोण कुणाशी भांडलं. मला सांगता येत नाही हो. दोन वाक्यांत संपतं. ती माझ्याकडे बघत असते आणि मधे मधे 'हं' म्हणते. (स्वप्नालीच्या मते हा शब्द धरायला हरकत नाही. मी धरत नाही.)

एकूण नऊ शब्द आहेत. चहा, पाणी, नको, पुरे, सई, उद्या, दुखतं, बस, आणि तुम्हाला माहीत असलेला. सईचं नाव आलं त्या दिवशी मी जर्मनीला फोन केला नाही. तिचा ठरलेला फोन आला तेव्हा आईनं आपण होऊन म्हटलं. पोरगी अर्धा तास नुसती रडत होती, आणि मी कुणालाही हसायला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षानंतर फरक पडण्याचा वेग कमी होतो. म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत जेवढं येईल तेवढं. पन्नास होणार नाहीत. 'अहो' अजून आलेलं नाही. येईल असं मला वाटतं, पण हे मी कुठं लिहून ठेवलेलं नाही, फक्त तुम्हाला सांगतो.

असो. पत्र फार लांबलं. भाऊसाहेबांना माझा नमस्कार सांगा, आणि पट्ट्याचं बघा.

आपला,
हरिहर

ता. क. – तुम्ही लगेच निघून यावं म्हणून हे सगळं लिहिलं, असा गैरसमज करून घेऊ नये. पावसाळ्याचे दिवस, भाऊसाहेबांचा गुडघा, तुमचं वय. आमचं इथं व्यवस्थित चाललं आहे. अजिबात दगदग करू नये.

ता. क. दुसरा – वरचा ता. क. खोटा आहे. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे.

नऊ नाही, दहा शब्द आहेत. दहावा महिनाभरापूर्वी आला. दुपारी चारच्या सुमाराला ती एकदम दाराकडे बघून म्हणाली, "बोकी." मी म्हटलं, कुठंय मांजर? "बोकी." रोज चारला, दाराकडे बघून, बोकी, बोकी. मी सोपानरावांना सांगितलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी एक तांबडी मांजरी आणून सोडली. अरुंधतीनं मांजरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाढवा." शेवटी सईला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, बोकी म्हणजे कुसुममावशी! लहानपणी दुधावरची साय चोरून खायची म्हणून आई तिला बोकी म्हणायची. जेवताना कितीदा सांगायची आई. तुम्ही पण असायचात की."

मी असायचो, खरं आहे.

हे कळून आज एकोणीस दिवस झाले आणि मी तुम्हाला कळवलं नाही. आपण होऊन तिनं कुणाला हाक मारली, आणि ती मला नव्हती, हे मला कुणाला सांगवलं नाही. आणि ज्या माणसाला मी घरातून घालवलं त्यालाच बोलावतेय, हे त्याहून सांगवलं नाही. तिला कसं सांगू की मावशी... बघा, तुमचं नातंसुद्धा चुकलं माझं. तिला कसं सांगू, की ताई माझ्यामुळे येत नाहीत?

तुम्ही मिरजेहून आलात की पुण्याला लोकलमध्ये बसा. कासारवाडीला मी फलाटावर येऊन थांबतो, गाडी कुठलीही असो. माझ्याशी बोलू नका हवं तर. रोज चार वाजले की ती खुर्ची दाराकडे वळवून मागते आणि बघत बसते. मी मधे आलो तर डाव्या हातानं मला बाजूला सारते.